निषाद नसलेला वध

काव्यशास्त्र शिकवताना क्रौंचवधाची कथा आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. निषादाचा बाण, जोडीतल्या एका पक्ष्याचा मृत्यू आणि शोकाचा झालेला श्लोक. इंग्रजीत कोलरिजने १७९८ साली अशाच एका वधावर आपले दीर्घकाव्य उभे केले. तेथे पक्षी अल्बाट्रॉस आहे, आणि त्याचे कलेवर मारणाऱ्या खलाशाच्याच गळ्यात अडकवले जाते. दोन्हीकडे मारणारा कोण हे ठाऊक आहे; त्यामुळे शाप कोणाला द्यावा, हा प्रश्न पडत नाही.

खुद्द पक्ष्याकडे मात्र आम्हा साहित्यवाल्यांचे लक्ष क्वचितच गेले. भटक्या अल्बाट्रॉसच्या पंखांचा विस्तार साडेतीन मीटरपर्यंत असतो. दक्षिण महासागरावरील वाऱ्याच्या आधाराने, पंख जवळजवळ न हलवता तो दूरदूरची अंतरे कापतो. त्याचा संसार मोठा संथ. पहिले घरटे दहाव्या वर्षाच्या आसपास. अंडे एकच, तेही सहसा दोन वर्षांतून एकदा. आणि पिलू उडायला सुमारे नऊ महिने. त्याच्या कुळातली, लेसन जातीची ‘विझडम’ ही मादी तर विख्यात आहे. उत्तर पॅसिफिकमधील मिडवे बेटावर १९५६ साली तिच्या पायात कडे घातले गेले. २०२४च्या अखेरीस, अंदाजे चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तिने पुन्हा अंडे घातले. इतक्या सावकाश वाढणाऱ्या कुळाला अकाली मृत्यू परवडत नाहीत.

आणि ते मृत्यू येतात मासेमारीच्या लांबच लांब दोरांमुळे. दोराला आमिष लावलेले हजारो गळ असतात. तो पाण्यात सोडला जात असताना पक्षी आमिषावर झेपावतो, गळाला अडकतो, आणि बुडत्या दोरासोबत खाली ओढला जाऊन गुदमरतो. त्याला मारावे असे बोटीवर कोणालाही वाटत नसते. उलट आमिष वाया गेल्याचा तोटाच होतो. निषाद येथे नाहीच. मासा पकडणारा, विकणारा, ताटात घेणारा अशा सर्वांच्या वाट्याला दोषाचा इतका सूक्ष्म अंश येतो, की कोणाच्याच गळ्याला भार जाणवू नये.

अशा वधाला शाप निरुपयोगी आहे. उपाय साधे आहेत: दोर रात्री सोडावेत, वजने लावून ते लवकर बुडवावेत, बोटीमागे रंगीत फिती फडकत ठेवाव्यात. साऊथ जॉर्जियाभोवतीच्या मासेमारीत हे नियम लागू झाले, हंगामही हिवाळ्यापुरता आखला गेला, आणि तेथील पक्षिमृत्यू जवळजवळ थांबले. तरीही त्या बेटावरचे भटके अल्बाट्रॉस घटतच राहिले. कारण अन्नासाठी ते जेथवर जातात, तेथवर तेवढी दक्षता पोचलेली नव्हती. अल्बाट्रॉसांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली अमलात आला, पण त्यावर सही न केलेल्या देशांच्या बोटीही याच समुद्रांत फिरतात.

शोकाचा श्लोक व्हायला एक कवी पुरला. शोकाचा नियम व्हायला अनेक देश लागतात, आणि तो नियम भर समुद्रात, मध्यरात्री, कोणी पाहत नसताना पाळणारे अनाम खलाशी लागतात. त्यांच्यावर काव्य कोण लिहिणार?