जबलपूरचे कॉफी हाउस : जिथे वाढणारेच मालक आहेत

जबलपूरला जाणारे मराठी कुटुंब घरून निघतानाच दोन गोष्टी ठरवून निघते : भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून नौकाविहार आणि धुवांधार धबधबा. या दोन्ही गोष्टी मनसोक्त पाहून झाल्या, की संध्याकाळी मात्र प्रश्न पडतो, आता खायचे कुठे? बरोबर आजीआजोबा असतात, मुले असतात आणि खिशाचाही विचार करावा लागतो. अशा वेळी गावातल्या कोणालाही विचारा, इंडियन कॉफी हाउसचे नाव हमखास पुढे येईल.

शहरात त्याच्या एकाहून अधिक शाखा आहेत. त्यांपैकी सदर ही छावणीची वस्ती. येथील कॉफी हाउस म्हणजे बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी थाटलेले हॉटेल नव्हे. आजूबाजूच्या लोकांची ही रोजची बैठक आहे. वकील, निवृत्त अधिकारी, कॉलेजचे विद्यार्थी आणि मुलाबाळांसह आलेली कुटुंबे, सारे शेजारशेजारच्या टेबलांवर बसतात. डोसा, इडली, वडा, कटलेट आणि वाफाळती कॉफी, असे साधेच पदार्थ. पण पांढरा स्वच्छ गणवेश, कमरेला पट्टा आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा काढलेला फेटा, अशा थाटात वेटर समोर येऊन उभा राहतो, तेव्हा साध्या कॉफीलाही मेजवानीची ऐट येते. मुले तर पदार्थांआधी त्या फेट्याकडेच पाहत राहतात.

या फेट्याची कथा मोठी आहे आणि तिची सुरुवात आपल्या मुंबईत झाली. १९३० नंतरच्या मंदीत मळेवाल्यांची कॉफी विकली जाईना. देशातल्या लोकांनाच कॉफीची गोडी लावावी, या हेतूने कॉफी सेस कमिटीने १९३६ मध्ये चर्चगेटला पहिले कॉफी हाउस उघडले. पुढच्या दशकात देशभर अशी सुमारे ५० कॉफी हाउसे झाली. नंतर त्यांचा कारभार कॉफी बोर्डाकडे आला. पण १९५० नंतरच्या दशकात ती बंद करण्याचे बोर्डाने ठरवले आणि कामगारांवर बेकारीची पाळी आली.

तेव्हा केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सुचवले, नोकरी मागत बसण्यापेक्षा कॉफी हाउस तुम्हीच चालवा. कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली संस्था १९५७ मध्ये बंगळूरला निघाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीला कामगारांचे पहिले कॉफी हाउस सुरू झाले. मग ठिकठिकाणी अशा संस्था उभ्या राहिल्या. जबलपूरची संस्था त्यांपैकीच एक. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये तिच्या अनेक शाखा आहेत.

म्हणजे जो तुम्हाला कॉफी आणून देतो, तो नुसता नोकर नाही. तो संस्थेचा सभासद आहे. संचालक मंडळ सभासदच निवडतात. साहेबांच्या काळातला तो गणवेश मुळात चाकरीची खूण होता. मालकी हाती आल्यावर कामगारांना तो टाकून देता आला असता. त्यांनी तो ठेवला आणि चाकराचा फेटा मालकाचा झाला. इथल्या वागण्यात जी अदब आहे, तिच्यात लाचारी का दिसत नाही, याचे उत्तर इथेच मिळते. रोषणाई आणि गालिचे पैसे टाकून आणता येतात. ही अदब तशी आणता येत नाही.

दक्षिणेचे हे पदार्थ नर्मदाकाठी कसे रुजले, याचे नवल वाटायला नको. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याचे लोहमार्ग जबलपूरलाच एकमेकांना जोडले गेले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला. शिवाय लष्कराची छावणी होतीच. त्यामुळे साऱ्या प्रांतांतली माणसे येथे येऊन राहिली. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. राजधानी नागपूर होती. म्हणून मराठी घरेही येथे पुष्कळ. राज्य पुनर्रचनेत राजधानी भोपाळला गेली, जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले. विनोबांनी या शहराला 'संस्कारधानी' म्हटले, असे येथील लोक अभिमानाने सांगतात. इतक्या भाषांच्या लोकांना जातपात न विचारता एका छताखाली बसवणारी जागा अशा शहराला हवीच होती.

आजकाल कोणत्याही शहरात झगमगीत रेस्टॉरंटांची वाण नाही. तिथे अवश्य जावे. पण मुलांना एकदा तरी इथे आणा आणि कॉफी येईपर्यंत ही हकिकत सांगा. श्रमाला प्रतिष्ठा असते, हे पुस्तकातल्या धड्यापेक्षा इथे चटकन समजेल.

मात्र गोड खाण्यासाठी पोटात थोडी जागा ठेवा. मोठ्या फवाऱ्याजवळ कमानिया गेट आहे. १९३९ मध्ये सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली जवळच त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याची ही आठवण. तिथेच बडकुल हलवायाची प्रसिद्ध खव्याची जिलबी मिळते. रंगाने काळसर, चवीला गुलाबजामची बहीण.

कसे जाल? मुंबईहून भुसावळ-इटारसीमार्गे थेट गाड्या आहेत. नागपूरहून शिवनीमार्गे रस्ता चांगला आहे. गोंदियाहून जाणारी जुनी छोटी रेल्वे आता ब्रॉडगेज झाली आहे. पावसाळ्यात भेडाघाटची नौकासफर बंद असते, तेव्हा ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. सकाळी कॉफी हाउसमध्ये न्याहारी करून निघालात, तर भेडाघाट आणि धुवांधार पाहून संध्याकाळी जिलबीसाठी सहज परत येता येईल.