कामठी रोडवरचं वर्ष

आमच्या किनवट तालुक्यात नेत्यांची टंचाई कधीच नव्हती. १४ एप्रिल जवळ आला की चौकातला एक खांब मोकळा राहत नाही. फ्लेक्सवर वर बाबासाहेब, खाली पासपोर्ट फोटोंच्या रांगा: युवा नेते, कार्यसम्राट, भावी नगरसेवक. त्यामुळे माझी बारावी झाल्यावर विहारात येणाऱ्या एका दादांनी “नागपूरला नेतृत्वाचं प्रशिक्षण आहे, राहून-खाऊन, जवळपास वर्षभराचं” असं सांगितलं तेव्हा बाबा हसलेच. “अजून एक पुढारी कशाला पाहिजे?” आईचा प्रश्न वेगळा होता. मुलींची राहायची सोय कुठं, आणि दाराला आतून कडी आहे का? दादांनी बाबांना उत्तर देण्याच्या भानगडीत न पडता आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हणून मी जाऊ शकले.

ठिकाणाचं नाव नागलोक. नागपूरहून कामठीकडे निघालं की भिलगावात त्याचं आवार लागतं. तेव्हा त्या रस्त्याला मेट्रो नव्हती; ऑटोवाल्याशी घासाघीस करत बाबांनी मला पोचवलं. आवारात एक उंच, सोनेरी बुद्ध उभा आहे आणि तो चालतो आहे. आमच्या विहारात बसलेला बुद्ध होता, पुस्तकात झोपलेला पाहिला होता. पाऊल पुढं टाकलेला मी पहिल्यांदा पाहिला. बाबा बराच वेळ त्या मूर्तीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “चांगलं हाय. कामाला निघाल्यासारखा दिसतोय.”

इथल्या नागार्जुन प्रशिक्षण संस्थेत २००२ पासून देशाच्या निरनिराळ्या राज्यांतली मुलंमुली येऊन राहतात. बुद्ध, आंबेडकर, ध्यान आणि समाजात काम कसं करायचं, असा अभ्यास. यामागची गोष्ट मला पुढं कळली. संघरक्षित हे लंडनमध्ये जन्मलेले भिक्खू ६ डिसेंबर १९५६ ला योगायोगाने नागपुरात होते. बाबासाहेब गेल्याची बातमी आली, आणि त्या संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर जमलेल्या शोकाकुल गर्दीपुढं ते बोलले. नंतरचे काही दिवस ते वस्त्यावस्त्यांतून लोकांना धीर देत फिरले. त्यांचे शिष्य लोकमित्र १९७७ मध्ये योग शिकायला पुण्याला निघाले होते. वाटेत ऑक्टोबरात नागपुरात उतरले आणि बाबासाहेबांनी १९५६ मध्ये घेतलेल्या धम्मदीक्षेच्या एकविसाव्या वर्धापनदिनाची गर्दी त्यांनी पाहिली. पुढच्या वर्षी ते पुण्यात येऊन राहिले ते कायमचेच. लोकमित्र आणि त्यांच्या सोबत्यांनी उभारलेल्या कामातून पुढं नागलोक झालं.

खोलीत सगळ्या वेगवेगळ्या मुलखातल्या. ओडिशाची, केरळची, तमिळनाडूची, दोघी उत्तर प्रदेशच्या, आणि आम्ही महाराष्ट्रातल्या. बोलायची भाषा हिंदी. माझी हिंदी म्हणजे किनवटच्या बाजारातली. “मेरेकू होना” म्हटलं की उत्तर प्रदेशच्या दोघी पोट धरून हसायच्या. केरळच्या मुलीला पहिले काही आठवडे एकच वाक्य येत होतं, “पानी कहाँ है”, आणि ते ती जेवण, टॉवेल, चप्पल सगळ्यासाठी वापरायची. सकाळी घंटा, ध्यान, वंदना, नाश्ता, वर्ग, दुपारनंतर श्रमदान, संध्याकाळी पुन्हा ध्यान. पहिल्या दिवसांत ध्यानात मला फक्त गुडघे आठवायचे. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं माझ्याजवळ नाही. बसायला शिकले, एवढं मात्र खरं.

खरं प्रशिक्षण श्रमदानाच्या यादीपासून सुरू झालं. झाडलोट, भांडी, भाजी चिरणं आणि संडास-बाथरूम अशी कामं आळीपाळीने होती. यादी भिंतीला लागली आणि उत्तर प्रदेशची एक मुलगी त्या रात्री जेवली नाही. तिची आई गावात मैला उचलायची, टोपलीने. डोक्यावर मैला वाहून नेण्याविरुद्ध देशात पहिला कायदा १९९३ मध्ये झाला, दुसरा २०१३ मध्ये. तिच्या गावात यातला एकही पोचला नव्हता. ती म्हणाली, “मैं नहीं करूँगी. हमारे घर का कोटा पूरा हो चुका है.”

आमच्या मजल्यावर बैठक बसली. संघात दीक्षा घेतलेल्या आमच्या धम्मचारिणी ताई बसल्या होत्या, पण बोलल्या नाहीत. हे मला तेव्हा विचित्र वाटलं. एकीचं म्हणणं, नियम सगळ्यांना सारखा. दुसरीचं म्हणणं, तिचं नाव वगळा, आम्ही करू. तेवढ्यात आमच्याच महाराष्ट्रातली एक मुलगी पटकन बोलून गेली, “हे काम आमच्यात कुणी करत नाही.” खोली गप्प झाली. “आमच्यात” म्हणजे कुणात, हे कुणी विचारलं नाही, कारण विचारायची गरज नव्हती. सकाळ-संध्याकाळ एकमेकींना जयभीम घालणाऱ्या आम्ही मुली, आणि आमच्यामध्ये पायऱ्या होत्या. खालची पायरी कोणती, हेही सगळ्यांना पाठ होतं. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हेच लिहून ठेवलंय. आम्ही ते पुस्तक वर्गात वाचत होतो, अधोरेखितही करत होतो.

तोडगा त्या रात्री निघाला नाही. बैठका बऱ्याच झाल्या. शेवटी ठरलं ते असं की तिचं नाव यादीत राहील, पण पहिली फेरी बाकी सगळ्या जणी करतील आणि तिची पाळी कधी लावायची ते तीच सांगेल. “आमच्यात” म्हणणारी मुलगी बादली घेऊन सगळ्यांत आधी गेली. तोंड पाडूनच गेली, पण गेली. काही महिन्यांनी उत्तर प्रदेशच्या मुलीने स्वतः येऊन आपली पाळी सांगितली. त्या दिवशी तिच्याबरोबर आम्ही चौघी गेलो, गरज नसताना. नेतृत्वावरची व्याख्यानं मी नंतर पुष्कळ ऐकली. ह्या यादीइतकं मला कशातून समजलं नाही.

पुढं कधीतरी वाचनात आलं की ओबामा सरकारने २०१० मध्ये आफ्रिकेतल्या तरुणांसाठी नेतृत्वाचा असाच एक कार्यक्रम सुरू केला. २०१४ पासून त्यातली निवडक मुलंमुली सहा आठवडे अमेरिकेतल्या विद्यापीठांत राहून शिकू लागली. त्याला मंडेलांचं नाव दिलं. तिथं साधारण पंचविशी ओलांडलेली, काहीतरी करून दाखवलेली माणसं निवडली जायची. आमच्यात करून दाखवलेलं कुणीच नव्हतं. कुणी बारावी, कुणी पदवीला गटांगळ्या खाल्लेलं, एक मुलगा तर गवंड्याच्या हाताखालून थेट आलेला. सहा आठवड्यांत आमची ती यादीसुद्धा निकालात निघाली नसती.

भाषणाचा तास मात्र सगळ्यांना आवडायचा. नियम एकच: घोषणा नाही आणि पहिल्या मिनिटात कुठल्याही महापुरुषाचं नाव नाही. हे फार जड गेलं. बाबासाहेबांचं नाव न घेता सुरुवात करायची म्हणजे सांगायचं तरी काय? आमच्या मराठवाड्याच्या पोरांचे तर हातच बांधले गेले. पुण्याकडचा एक मुलगा उभा राहिला, अर्धा मिनिट छताकडे बघितलं आणि म्हणाला, “आमच्या वस्तीत नळाला तीन दिवसाआड पाणी येतं.” मग तो थांबेचना. नळ, टाकी, व्हॉल्व्ह उघडणारा माणूस, त्याला दिवाळीला द्यावे लागणारे पैसे, सगळं आलं. टाळ्या त्यालाच पडल्या.

आम्हाला शिकवणाऱ्यांनी तेव्हा एक माहिती सांगितली, जी आमच्या तालुक्यातल्या एकाही फ्लेक्सवर मी पाहिलेली नाही. १ जुलै १९५६ ला, म्हणजे दीक्षेच्या साडेतीन महिने आधी, बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात उतरू पाहणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची शाळा काढली होती. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी. सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांच्याकडे ती सोपवलेली. पुढाऱ्यांची शाळा ग्रंथपालाच्या हाती देणारा माणूस काय विचार करत असेल! त्याच वर्षी मार्चमध्ये आग्र्याला शिकलेल्या लोकांविषयीची आपली निराशा त्यांनी उघड बोलून दाखवली होती. ती शाळा त्यांच्यामागे फार काळ टिकली नाही. टिकायला हवी होती, असं मला अजून वाटतं.

वाद खूप व्हायचे, आणि सगळ्यांत मोठा वाद एकच: ध्यान की मोर्चा? आमच्यात भंडारा जिल्ह्यातली एक मुलगी होती. खैरलांजी तिच्या घरापासून फार लांब नाही. २९ सप्टेंबर २००६ ला तिथं भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं, तेव्हा ती लहान होती. पण त्या दिवसांनंतर आईने तिला संध्याकाळी अंगणातसुद्धा जाऊ दिलं नव्हतं. ध्यानात सगळ्यांविषयी मैत्री जागवायला सांगितलं की ती विचारायची, “मैत्रीभावना कुणाविषयी करू? त्यांच्याविषयी पण?” धम्मचारिणी ताई उत्तर देताना गडबडल्या नाहीत, पण उत्तर गोडही केलं नाही. म्हणाल्या, आधी स्वतःविषयी कर. तिथंच वर्ष गेलं तरी चालेल. तिला ते पटलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही. पण रागात असलेल्या माणसाने बैठक चालवली की काय होतं, ते मी पुढं गावात पुष्कळदा पाहिलं, आणि त्या उत्तराची बाजू मला आता अधिक कळते. बाबासाहेबांनी बुद्धाचं चित्र काढलं ते उघड्या डोळ्यांचं, याचा दाखला दोन्ही बाजू आपापल्या सोयीने द्यायच्या.

सुट्टीच्या दिवशी आम्ही हिंडायचो. कन्हान नदीकाठी बाबू हरदास यांच्या समाधीवर गेलो. एकमेकांना भेटताना ‘जयभीम’ म्हणायची रीत कामठीच्या या माणसाने रूढ केली. १९३७ मध्ये ते निवडून आले आणि १९३९ मध्ये, पस्तिशीतच, गेले. चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचा टाइपरायटर आणि कोट पाहिला. वामनराव गोडबोल्यांनी ही जागा उभी केली. १९५६ च्या दीक्षा समारंभाची धावपळ करणाऱ्यांत तेच पुढं होते. मुलींनी कोटापुढं हात जोडले, मी शिलाई बघत होते. आई शिवणकाम करते ना!

दसऱ्याला दीक्षाभूमीवर आम्हाला स्वयंसेवक म्हणून नेलं. लाखोंची गर्दी म्हणजे काय, ते रस्त्यावर चादर टाकून झोपलेल्या म्हाताऱ्या बायकांमधून पाय काढत चालताना कळतं. माझ्याकडे पाणी आणि हरवलेली मुलं अशी दोन खाती होती. हरवलेली मुलं बहुतेक घाबरलेली नसायची, घाबरलेल्या आया असायच्या. स्तूपाकडे जायला मला वेळच मिळाला नाही. पण रात्री पुस्तकांच्या दुकानांतून चक्कर मारली. लातूरकडच्या एक आजी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ विकत घेत होत्या. वाचता येत नव्हतं. “नात वाचंल,” म्हणाल्या, आणि कमरेच्या पिशवीतून चुरगळलेल्या नोटा काढून मोजल्या. दुकानदाराने दहा रुपये कमी केले. आजींनी ते घेतले नाहीत. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाला कमाईचा विसावा हिस्सा धम्मासाठी द्यायला सांगितलं होतं. आजींना भाषण ठाऊक असेल-नसेल, हिशेब पक्का होता.

याच नागपुरात जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची परिषद भरली होती. सुमारे २५,००० बायका आल्या होत्या, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हे वर्गात ऐकलं तेव्हा आम्ही मुलींनी मागच्या बाकांवरून पुढच्या बाकांवर यायचं ठरवलं. मुलांनी कुरकुर केली. आम्ही उठलो नाही.

वर्ष संपल्यावर सगळे नेते झाले का? नाही. केरळची मुलगी नर्सिंगला गेली. भंडाऱ्याची वकिली शिकली. गवंड्याच्या हाताखालचा मुलगा परत गवंडीकामावर आहे, पण त्याच्या गावात आता मजुरांची हजेरी तो वहीत लिहितो आणि ठेकेदाराची सही घेतो. उत्तर प्रदेशच्या मुलीने आईचं काम सुटेपर्यंत तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, आणि ते सुटलं. मी किनवटला अभ्यासिका चालवते. एक खोली, जुनी बाकडी, रात्री दहापर्यंत दिवा. मातंग, बौद्ध, गोंड, बंजारा अशी सगळी मुलं येतात, आणि झाडण्याची यादी भिंतीला लावलेली आहे. त्यावरून भांडणं होतात. मी बैठक बोलावते आणि गप्प बसते. फ्लेक्सवर माझा फोटो अजून लागलेला नाही. बाबांना त्याचं समाधान आहे.

नागलोकसारख्या ठिकाणी आपल्या वस्तीतलं एखादं पोर पाठवायचं मनात असेल तर मुलीचा विचार आधी करा. मुलगा कसाही घराबाहेर पडतोच. मुलीला कुणीतरी सांगावं लागतं, आणि तिच्या आईला कडीचं उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर ‘आहे’ असं आहे. मी वर्षभर ती लावून झोपले.