थायलंडच्या ताटात इटलीची चव

थायलंडला चार दिवस फिरायला जाणं वेगळं आणि तिथे बिऱ्हाड थाटून राहणं वेगळं. पर्यटक पॅड थाई खातो, शहाळ्याचं पाणी पितो, आंब्याबरोबर मिळणारा नारळाच्या दुधातला चिकट भात चाखतो आणि खूश होऊन घरी परततो. नोकरीनिमित्त दोन-तीन वर्षांसाठी बँकॉकला गेलेल्या कुटुंबापुढचा प्रश्न मात्र पहिली नवलाई ओसरल्यावर सुरू होतो. आज बाहेर जेवायचं ठरलं, तर सगळ्यांनी मिळून जायचं कुठे?

थाई जेवण रुचकर असतं यात शंकाच नाही. पण त्याच्या मुळाशी ‘नाम प्ला’ असतं, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी. आपण जसं मीठ घालतो, तसं ते जवळजवळ प्रत्येक पदार्थात पडतं. त्याच्या जोडीला ‘कापी’, म्हणजे कोळंबीचा मुरवलेला गोळा. हिरव्या रश्शात फक्त भाज्या दिसल्या, तरी त्याच्या वाटणात बहुधा हा गोळा असतोच. कच्च्या पपईच्या प्रसिद्ध कोशिंबिरीत सुकी कोळंबी असते. आमच्या घरात सासूबाई शुद्ध शाकाहारी, नवऱ्याला मासळी मनापासून प्रिय आणि लेकाला मिरचीचं वावडं. भारतीय जेवण हवं असेल, तर बँकॉकच्या पाहुरात भागात आणि सुखुमवित रस्त्यावर ते मिळतं. पण परदेशात राहून दर वेळी छोले आणि पनीरच खायचं, याचाही कंटाळा येतोच. अशा घरांना मधला मार्ग सापडतो तो इटालियन जेवणाचा. एकाने टोमॅटोचा पास्ता मागवावा, दुसऱ्याने मासळीचा, मुलाने पिझ्झा घ्यावा आणि सगळ्यांनी एकाच टेबलावर बसून जेवावं. परमुलखात ही सोय वाटते त्याहून मोठी असते.

आधी आले वास्तुशिल्पी

इटली आणि थायलंड यांचं नातं जेवणापासून सुरू झालेलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सयामच्या राजांनी राजधानीत नव्या इमारती उभारायला युरोपातून माणसं बोलावली, त्यांत इटालियन बरेच होते. १९०८ ते १९१५ या काळात उभा राहिलेला आनंत समाखोम हा राजदरबार इटालियन वास्तुशिल्पींनी रचला. त्याचा संगमरवर इटलीतल्या कारारा इथून आला आणि घुमटाखालची चित्रं गॅलिलिओ किनी या इटालियन चित्रकाराच्या देखरेखीखाली रंगवली गेली. १९१६ मध्ये खुलं झालेलं हुआ लांफोंग रेल्वे स्थानक हे मारिओ तामान्यो यांचं काम. २०२३ च्या जानेवारीत लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या नव्या स्थानकातून सुटू लागल्या, पण त्या जुन्या इमारतीची मोठी कमान आजही पाहण्यासारखी आहे.

फ्लॉरेन्सचे शिल्पकार कोर्राडो फेरोची १९२३ मध्ये इथे आले आणि इथलेच झाले. १९४४ मध्ये त्यांनी थाई नागरिकत्व घेऊन शिल्प भिरश्री हे नाव धारण केलं. ज्या शिल्पकर्न विद्यापीठाची पायाभरणी त्यांनी केली, तिथे आजही त्यांना आधुनिक थाई कलेचे जनक मानतात.

ही मंडळी राजवाड्यापुरती होती. सामान्य थाई माणसाच्या तोंडी इटलीचा पदार्थ पोहोचला तो बऱ्याच उशिरा, आणि तोसुद्धा अमेरिकेच्या वाटेने. १९८० मध्ये विल्यम हायनेके यांनी पट्टाया इथे पिझ्झा हट सुरू केलं. थाई लोक चीज खात नाहीत, तेव्हा हा धंदा चालणार नाही, असं त्यांना अनेकांनी सांगितलं होतं. सांगणाऱ्यांचंही काही चुकत नव्हतं. थायलंडमध्ये दुधाची परंपराच नव्हती. डेन्मार्कच्या मदतीने मुआक लेक इथला मोठा गोठा सुरू झाला तो १९६२ मध्ये. तरीही पिझ्झा चालला. पुढे अमेरिकन कंपनीशी फारकत झाल्यावर हायनेके यांच्या समूहाने २००१ मध्ये ‘द पिझ्झा कंपनी’ हे स्वतःचं नाव लावलं. आज या नावाच्या पाट्या देशभर दिसतात.

थाई झालेली इटली

या दुकानांतला पिझ्झा इटलीच्या माणसाला ओळखू येणार नाही. त्यावर कोळंबी, अननस, खेकड्याच्या चवीच्या कांड्या असतात, कधी तोम यामच्या आंबट-तिखट रश्श्याची चवही असते. सोबत टोमॅटो केचपच्या पुड्या मिळतात आणि लोक त्या पिझ्झ्यावर मोकळ्या हाताने पिळतात.

पास्त्याचंही तसंच. ‘स्पगेटी खी माव’ हा पदार्थ साध्या भोजनालयातसुद्धा मिळतो. लसूण, मिरची आणि ‘कफ्राव’ची पानं कढईत मोठ्या आचेवर परतून त्यात उकडलेली स्पगेटी टाकतात. कफ्राव म्हणजे आपली तुळस. ज्या तुळशीला आपण अंगणात पाणी घालतो, ती मांसाबरोबर परतलेली पाहून आपल्याकडच्या माणसाला क्षणभर कसंतरीच होतं. मुलांसाठी केचप, अंडं आणि सॉसेज घालून परतलेली मॅकरोनी तर थाई घराघरांत होते.

याला नाक मुरडण्याचं कारण नाही. टोमॅटो मूळचा इटलीचा नाही आणि मिरची मूळची थायलंडची नाही, दोन्ही अमेरिका खंडातून आलेले पाहुणे आहेत. आपणही चिनी शेवयांची ‘हक्का नूडल्स’ करून गाड्यावर विकल्याच की! स्पगेटी खी माव हा प्रामाणिक थाई पदार्थ आहे आणि तो थाई म्हणूनच खावा. फसगत होते ती तिसऱ्या प्रकारात. भिंतीवर व्हेनिसचं चित्र, टेबलावर चौकड्यांचं कापड, भलीमोठी यादी आणि ताटात मात्र साखर घातलेल्या गोड टोमॅटो सॉसमध्ये बुडालेला, मऊ झालेला पास्ता. हे जेवण ना इटलीचं, ना थायलंडचं. पर्यटकांच्या रस्त्यांवर ते हमखास भेटतं.

परीक्षा साध्या पदार्थाची

एखाद्या खाणावळीची पारख करायची, तर आपण तिथलं वरण आणि पोळी पाहतो. पंचपक्वान्नं पाहत नाही. इटालियन जेवणाची पारखही अशीच करावी. पहिल्यांदा गेल्यावर साधा मार्गेरिता पिझ्झा आणि लसूण-तेलाची स्पगेटी, एवढंच मागवावं. त्यांत लपवायला जागा नसते. तेल चांगलं नसेल, लसूण करपला असेल, कणीक नीट फुगली नसेल, तर पहिल्या घासाला कळतं.

पास्ता कसा असावा, हे आपल्याला परक्याने शिकवायची गरज नाही. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा लागतो. ड्युरम म्हणजे आपल्याकडे ज्याच्या शेवया करतात, त्या बन्सी गव्हाच्या जातकुळीचा. चांगली शेवई जशी शिजून मोकळी राहते, लगदा होत नाही, तसाच पास्ता दाताला किंचित लागला पाहिजे. थायलंडमध्ये गिऱ्हाइकाला मऊ आवडतो म्हणून अनेक ठिकाणी तो जास्त शिजवतात. मागवतानाच ‘जास्त शिजवू नका’ असं सांगितलं, की अर्धं काम होतं. सॉस गोड नको असेल, तर ‘मै वान’ आणि तिखट नको असेल, तर ‘मै पेत’ हे शब्द उपयोगी पडतात.

पिझ्झ्याच्या बाबतीत भट्टी पाहावी. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा भयंकर तापलेल्या भट्टीत साधारण दीड मिनिटात भाजून निघतो. त्याच्या कडा फुगतात, त्यांवर काळसर डाग पडतात आणि मधला भाग मऊ राहतो. ही कला युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. बँकॉकमध्ये सुखुमवितच्या ३३ व्या गल्लीत २०१४ मध्ये सुरू झालेल्या पेप्पिनाने या पद्धतीच्या पिझ्झ्याची गोडी अनेकांना लावली. त्याच्या आदल्या वर्षी जवळच्याच ३१ व्या गल्लीत रोमच्या घरगुती पद्धतीचं आप्पिया सुरू झालं होतं. फ्रोम फोंग स्थानकाच्या आसपासच्या या गल्ल्यांत परदेशी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. तीच तीच गिऱ्हाइकं दर आठवड्याला येणार असली, की स्वयंपाक्याला हात राखून चालत नाही. हीच खूण हुआ हिन, फुकेत, चियांग माई इथेही लागू पडते. तिथे स्थायिक झालेल्या इटालियन लोकांनी चालवलेली छोटी रेस्टॉरंट्स आहेत. जिथे चार इटालियन म्हातारे निवांत गप्पा मारत जेवताना दिसतील, तिथे खुशाल शिरावं.

शाकाहारी माणसाने काय विचारावं?

इटालियन जेवणात भाजी-चीज भरपूर, म्हणून शाकाहारी माणूस निर्धास्त होतो. पण काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. टोमॅटो आणि ऑलिव्हच्या पुत्तानेस्का सॉसमध्ये बहुधा अँचोव्ही ही खारवलेली बारीक मासळी असते. रिसोत्तो हा मऊ भात आणि मिनेस्त्रोने हे भाज्यांचं सूप पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. हे दोन्ही प्रश्न आधीच विचारावेत.

तिसरा प्रश्न चीजचा. पार्मिजानो रेज्जानो हे इटलीचं प्रसिद्ध चीज करताना दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात. त्याच्या नियमांतच तसं आहे. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून आपण निश्चिंत होतो. तिथे मात्र पाकिटावरचा मजकूर वाचावा लागतो. सासूबाईंना हे समजल्यावर त्यांनी किसलेलं चीज वर घालायचं बंद केलं आणि नुसत्या टोमॅटो-तुळशीच्या पास्त्यावर आनंदाने जेवल्या. आपण काय खातो आहोत हे माहीत असलं, की मनात किंतू राहत नाही.

आणखी एक बारकावा. थायलंडमध्ये पिवळ्या रंगावर लाल अक्षरांत ‘जे’ असं लिहिलेली दुकानं दिसतात. ‘जे’ म्हणजे कडक शाकाहार. त्यात कांदा-लसूण नाही आणि दूधही नाही. इटालियन रेस्टॉरंटमध्ये ‘जे’ म्हटलंत, तर चीजही जाईल! तिथे ‘मांगसविरत’ हा शब्द वापरावा, म्हणजे मांस-मासळी नको, दूध चालेल.

डोंगरातली भाजी आणि हरियाणाची म्हैस

इतकं शोधल्यावर लक्षात येतं, की थायलंडमधलं सर्वांत चांगलं इटालियन जेवण सगळं विमानाने आलेलं नसतं. उत्तरेच्या डोंगरांत एके काळी अफूची शेती होत असे. १९६९ मध्ये राजे भूमिबोल यांनी तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांसाठी ‘रॉयल प्रोजेक्ट’ सुरू केला. अफूच्या जागी थंड हवेतल्या भाज्या आणि फळं आली. आज तिथला टोमॅटो, झुकिनी, कोशिंबिरीचे पाले, रोजमेरीसारखी सुगंधी पानं बँकॉकपर्यंत येतात. चतुचक भागातल्या ओर तोर कोर बाजारात फेरी मारली, तर हा माल ताजा मिळतो. पास्ता, ऑलिव्ह तेल आणि चीज व्हिला मार्केटसारख्या दुकानांतून आणावं, की घरीसुद्धा बेत जमतो. इटालियन बेसिल मिळालं नाही, तर ‘होराफा’ची पानं घ्यावीत. ती त्याच जातीतली, फक्त बडीशेपेच्या वासाची. लिंबाच्या वासाची ‘मेंगलाक’ घेऊ नयेत. त्या झाडाचं बी आपल्या सब्जासारखं पाण्यात फुगतं आणि थाई लोक ते गोड पदार्थांत घालतात.

सर्वांत गंमत मोझरेलाची. अस्सल मोझरेला म्हशीच्या दुधाचं. थायलंडमध्ये म्हशी भरपूर, पण त्या चिखलात नांगर ओढणाऱ्या. दुधाला त्या कामाच्या नाहीत. इटलीतल्या दुभत्या म्हशी आपल्या म्हशींच्याच मोठ्या कुळातल्या आहेत. बँकॉकच्या पूर्वेला चाचेंगसाओ प्रांतात एका डेअरीने मुर्रा म्हशी पाळल्या. होय, तीच आपल्या हरियाणाची, वळलेल्या शिंगांची काळी मुर्रा. तिच्या दुधाचं ताजं मोझरेला तिथे तयार होतं. इटलीहून येणाऱ्या मोझरेलाला वाटेतच काही दिवस लागतात आणि हा तर ताजा खायचा पदार्थ. जवळच्या गोठ्यातला गोळा त्यामुळे कधी कधी सरस ठरतो.

तेव्हा बँकॉकला बिऱ्हाड करणार असाल, तर इटलीच्या नावाची मोठी पाटी शोधत फिरू नका. पदार्थ साधा आहे का, माल ताजा आहे का, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आतून स्वयंपाक्याला विचारून नीट दिलं जातं का, एवढं पाहा. या तीन गोष्टी जमल्या, की सासूबाई, नवरा आणि लेक एकाच टेबलावर पोटभर जेवतात. परदेशातल्या रविवारी याहून जास्त काय हवं असतं?