खालाचे अंगठे

बोईसरमध्ये कंबर दुखते म्हणून कामाला दांडी मारणारा माणूस विरळाच. दांडी मारली की त्या दिवसाची मजुरी जाते. म्हणून दुखणारी कंबर घेऊन माणूस कामावर जातो आणि रात्री मालिश मागतो. तारापूर एमआयडीसीतल्या कापडाच्या, रसायनांच्या, लोखंडाच्या कारखान्यांत उभ्याने पाळी काढणारे, पोती उचलणारे कितीतरी लोक आसपासच्या गावांत खोल्या घेऊन राहतात. आमचं बेटेगाव त्यातलंच एक. इथल्या चाळीत रात्री राईच्या तेलाचा वास आला की समजायचं, उत्तर प्रदेश-बिहारकडची मुलं एकमेकांच्या पाठी चोळत बसली आहेत. आमच्या घरात खोबरेल. अब्बांची दुसरी पाळी सुटली की आम्हा भावंडांतलं सगळ्यात हलकं पोर खिडकीचा गज धरून त्यांच्या पाठीवर चालायचं. बरीच वर्षं ते पोर म्हणजे मी.

मालिशने दुखणं खरंच कमी होतं का, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. 2015 साली कॉक्रेन या संस्थेने कंबरदुखीसाठी केलेल्या मालिशचे 25 प्रयोग एकत्र तपासले. काहीच उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत मालिश घेणाऱ्यांचं दुखणं थोड्या काळापुरतं कमी झालं, पुढे तो फरक राहिला नाही. पुरावा कच्चा आहे, हेही तपासणाऱ्यांनीच लिहून ठेवलं. तरी 2017 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीत गोळ्यांच्या आधी शेक, मालिश असे उपाय करून पाहा असंच सांगितलं. म्हणजे मालिशने उतार पडतो, पण तात्पुरता. अब्बांची रात्री हलकी झालेली कंबर सकाळी पुन्हा पोत्याखाली जायची. आता ते मशिदीत खुर्चीवर बसून नमाज पढतात. मागच्या रांगेतल्या त्या प्लास्टिकच्या खुर्च्या दर रमजानला वाढलेल्या दिसतात, आणि त्यांवर बसणारे बहुतेक जण अब्बांच्याच पिढीचे, कारखान्यांतून बाहेर पडलेले.

आपल्या जुन्या ग्रंथांत या विद्येला मान आहे. युनानीत मालिशला दलक म्हणतात. हजार वर्षांपूर्वी इब्न सीनाने ‘अल-कानून’मध्ये तिचे प्रकार लिहिले: जोराची दलक अंग घट्ट करते, हलकी सैल करते, फार केली तर माणूस वाळतो, बेताची केली तर भरतो. शेख दीन मुहम्मद यांची गोष्ट तर सिनेमा काढावा अशी. जन्म 1759 चा, पाटण्याचा. कंपनीच्या फौजेतून आयर्लंडला गेले, 1810 साली लंडनमध्ये हिंदुस्थानी खाण्याचं कॉफीघर काढलं, ते बुडालं. मग ब्रायटनच्या समुद्रकाठी वाफेचं स्नान आणि चंपी सुरू केली. गुण आलेले रोगी आपल्या कुबड्या तिथेच ठेवून जात आणि त्या भिंतीवर टांगल्या जात, असं सांगतात. चौथ्या जॉर्ज राजाने त्यांना आपला ‘शाम्पूइंग सर्जन’ नेमलं. आपण आज बाटलीतून ओततो तो शाम्पू हा शब्द या चंपीतूनच आलेला.

राजाच्या अंगाला हात लावला म्हणून तिकडे सर्जन. इकडे तेच काम करणारा हज्जाम आणि हा शब्द आमच्याच मोहल्ल्यात शिवीसारखा वापरतात. बराबरीचा हदीस जुम्म्याला ऐकायचा आणि सोयरीक जुळवताना मात्र धंदा विचारायचा.

हे मी दुरून लिहीत नाही. माझी खाला बाळंतिणींची मालिश करते. आमच्यात चाळीस दिवस, हिंदू घरांत सव्वा महिना, ती सकाळी उठून जाते. आधी तेल कोमट करून तळहाताने लांब हात फिरवते, पायापासून वर. मग मांड्या, पोटऱ्या, खांदे कणीक तिंबावी तसे तिंबते. जिथे गाठ लागते तिथे अंगठा टेकवून थांबते, घासत नाही. बाई श्वास सोडते तेव्हा दाब वाढवते. मग गरम पाण्याची आंघोळ आणि ओव्याची धुरी. ज्या बायका पुरुष फिजिओथेरपिस्टसमोर पाठ उघडी करणार नाहीत, त्यांचा सगळा इलाज म्हणजे खाला. बाळंतपणानंतर घरातली सगळी बाळाकडे बघत असतात. त्या तासाभरात बाईकडे बघणारी ती एकटी. कितीतरी जणी तेव्हाच रडून घेतात. खाला ते कुठे बोलत नाही, मलाही नावं सांगत नाही.

कुठे हात लावायचा नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, तर तेलाची वाटी बाजूला. बाळंतपणानंतर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. अशा बाईला ती थेट दवाखान्यात पाठवते. ताप असेल तर मालिश नाही. सिझेरियन असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत पोटाला हात नाही. बाळाच्या नाकाकानात तेल घालायचं नाही, छाती पिळायची नाही, आजी कितीही रागावली तरी. सलूनमध्ये दाढीनंतर मानेला हिसका देऊन कडकड वाजवतात, त्याचा तिला भारी राग. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्या हिसक्याने फाटू शकते. क्वचितच होतं, पण झालं तर पक्षाघात. वीस रुपये जास्त देऊन लोक तो हिसका मागून घेतात, याला काय म्हणावं?

आता खालाच्या अंगठ्याच्या बुडाचे सांधे गेले आहेत. तसबीहचे मणी ती तर्जनीने सरकवते, भाकरी थापताना तोंड फिरवते. इतकी वर्षं दुसऱ्यांची दुखणी काढणाऱ्या हातांना चोळायला घरात कुणाला वेळ नव्हता. तिला मिळायचं काय? साडी, तांदूळ, उरलेलं तेल आणि ‘तुमच्या हाताला बरकत आहे’ हे वाक्य. अकीक्याच्या फोटोत ती नसते. माझ्या एका बहिणीच्या सोयरिकीत पोराकडच्यांनी चहा पिऊन झाल्यावर हळूच विचारलं होतं, मालिशवाली ती तुमचीच का? अम्मीने ताठ मानेने सांगितलं, सख्खी बहीण. ते स्थळ पुन्हा आलं नाही.

खालाची सून आता तिच्याबरोबर जाते. बोईसरच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारून तिने पद्धत बदलली आहे. अंगठ्याऐवजी कोपराखालचा हात वापरायचा, जोर खांद्याने नाही तर अंगाच्या वजनाने द्यायचा, खाली उकिडवं न बसता बाईला पलंगावर झोपवायचं. रविवारी सुट्टी. आणि दर ठरलेला, अर्धे पैसे आधी. खालाला ते आवडलेलं नाही. परवा दोघींची जुंपली होती.

“लोक दुआ देतात बेटा, दुआचे पैसे लावतात का?”

“दुआ राहू द्या त्यांची, अम्मी. मी अंगठ्याचे लावते.”

खाला काही बोलली नाही. सुनेने तेल कोमट केलं आणि तिचा उजवा हात मांडीवर घेतला.