भिंतीतला सातवा

'घाशीराम कोतवाल'मध्ये मी काम केलंय असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "नाना की घाशीराम?" दोन्ही नाही. मी भिंतीत होतो. बारा ब्राह्मणांची रांग, त्यात डावीकडून सातवा.

1996 साली आमच्या हौशी मंडळानं सांगलीत हे नाटक बसवलं. दिवसा नोकरी, रात्री आठनंतर एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. माझं गाणं बेताचं आणि संवाद डोक्यात टिकत नसत, पण शाळेत लेझीम खेळलेलो, त्यामुळं ताल पक्का. नाटक बसवणाऱ्या सरांनी तेवढंच हेरलं आणि मला भिंतीत घातलं. मी हिरमुसलो. पहिल्या आठवड्यातच कळलं, की या नाटकात खरे कष्ट भिंतीचेच. नेपथ्य असं काही नाहीच. आम्ही ओळीनं उभे राहिलो की वाडा, पाठ फिरवली की पडदा, पांगलो की बावनखणीकडं निघालेलं पुणं. कोकणातल्या खेळ्यांचा, दशावताराचा हा ठेका आम्हा घाटावरच्या पायांत काही केल्या बसेना. पंधरा दिवस सगळ्यांच्या पोटऱ्या भरून आलेल्या.

आमचा नाना मोहन आगाशांचा नाना पाहून आलेला. त्यामुळं मान कलती ठेवून त्यांच्यासारखाच झुलायचा. सर ओरडायचे, "आगाशे पुण्यात आहेत, तू कोण ते सांग!" पुण्यातला तो मूळ प्रयोग 16 डिसेंबर 1972 चा. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं. एकोणीस प्रयोग झाल्यावर ते करणाऱ्या संस्थेनंच नाटक थांबवलं, मग कलावंतांनी बाहेर पडून थिएटर अकॅडमी काढली आणि ते पुन्हा उभं केलं. हे इतिहासाचं नाटक नाही, असं तेंडुलकर सांगत राहिले. लोक नाना फडणवीसांच्या बदनामीवरून भांडत राहिले. आमच्याकडंही एका वयस्कर गृहस्थांनी तालमीच्या दारात येऊन "दुसरं नाटक नव्हतं का?" असं विचारलं होतं. सरांनी त्यांना चहा पाजला.

मला विचाराल तर भांडण नानावरून व्हायला नकोच होतं. नाना लंपट आहे, घाशीराम सुडानं पेटलेला आहे, ते पहिल्या अर्ध्या तासात स्पष्ट होतं. दक्षिणेच्या गर्दीत चोरीचा आळ येऊन मार खाल्लेला हा कनोजचा ब्राह्मण स्वतःची पोर गौरी नानाच्या पुढ्यात ठेवतो आणि तिच्या बदल्यात कोतवाली उचलतो. व्यवहार अगदी रोख. पण तो होत असतो तेव्हा बारा माणसं तिथं उभी असतात. नुसती उभी नाहीत, गात असतात.

आणि गाणं असं, की पाय थांबत नाहीत. अभंगाच्या पाठीला लागून लावणी येते. आमचे पेटीवाले तालमीत हसून म्हणायचे, "बघा हं, देव कुठं संपतो ते." टाळ चाललेले असतात, ढोलकी केव्हा शिरली ते कळत नाही, आणि कळतं तेव्हा आपण कमरेतून लचकत असतो. तोंडावर भक्तिभाव तसाच.

गौरीच्या प्रवेशात आम्ही प्रेक्षकांकडं पाठ करायचो. माझ्यासमोर फक्त काळा पडदा, त्यावर सेफ्टी पिनेनं जोडलेली एक फाटकी शिवण. कपाळावर गंध, डोक्याला टकलाचा टोप, गमाखालची कातडी खाजतेय, आणि डावीकडच्या पोस्टातल्या सहकाऱ्याचा घामट दंड माझ्या दंडाला चिकटलेला. मागं गौरीच्या बांगड्या वाजायच्या. आम्ही झुलत राहायचं, डावीकडं, उजवीकडं. एकदा मी सवयीनं मान वळवून पाहिलं. सर म्हणाले, "भिंतीला कान असतात रे, डोळे नसतात."

त्या वाक्यानंतर दोन दिवस माझा ठेका चुकत होता.

त्याचं कारण नाटकाच्या बऱ्याच आधीचं. आमच्या काकांना जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. ताईचं लग्न त्यांनी ज्या घरात ठरवलं, त्या घरातून तिकिटं वाटली जायची. मुलगा पितो, एकदा घर सोडून गेला होता, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आजीला, बाबांना, मला. मी तेव्हा सतरा वर्षांचा. मांडवात जिलेबीचं ताट घेऊन पंगतीत फिरत होतो, बँडवाल्यांसमोर नाचलोही. तिकीट मिळालं, काका निवडूनही आले. ताई चार वर्षांनी एक बॅग घेऊन परत आली आणि बालवाडीत शिकवू लागली. घरात त्यावर कधी कुणी काही बोललं नाही. काकांच्या गाडीतून मीही कॉलेजला जायचो.

प्रयोगाला ताई आली. मीच पास दिला होता, का दिला ते मला आजही सांगता येणार नाही. तिसरी घंटा झाली, नमन झालं, प्रयोग रंगला. गौरीच्या प्रवेशात पाठ केली तेव्हा ताई कितव्या रांगेत बसलीय एवढंच डोक्यात होतं. पाय मात्र बरोबर पडत होते. आयुष्यात इतके बरोबर कधी पडले नसतील. पुढं गौरी पडद्याआडच मरते, नाना नवी बायको करतो, घाशीरामाचा तोल सुटतो, कोठडीत ब्राह्मण गुदमरतात. मग ज्या शहरानं त्याला कोतवाल म्हणून सोसलं, तेच दगड घेऊन निघतं. त्या गर्दीतही आम्हीच. पोशाख बदलायची गरज नसते.

प्रयोग संपल्यावर ताई मागं रंगपटात आली. मी खोबरेल लावून गम काढत होतो.

"तू कुठला होतास? मला ओळखताच आला नाहीस."

"डावीकडून सातवा."

"पाठमोरे सगळे सारखेच दिसता." ती हसली. पिशवीतून स्टीलचा डबा काढून तिनं आरशापाशी ठेवला, बेसनाचे लाडू. मग दाराशी थांबली.

"त्या पोरीला बोलायला फारच थोडं दिलंय नाही?"

मी हो म्हणालो. तिची शेवटची एसटी सव्वाअकराची होती. टोप अर्धा निघालेला, तसाच मी तिला स्टँडवर सोडायला गेलो.