बाबांची बारा बोअर

ऑस्टिनला असताना टीममधल्या एका सहकाऱ्याने विचारलं, "माझ्या ट्रस्टमध्ये ट्रस्टी होशील का?" मला वाटलं, शाळाबिळा काढतोय. म्हणाला, "बंदुकीच्या सायलेन्सरसाठी."

हसू आलं, पण त्याचं म्हणणं खरं होतं. अमेरिकेत शिकारीच्या साध्या रायफलला ट्रस्ट लागत नाही. सायलेन्सर, आखूड नळीची रायफल, मशीनगन यांना मात्र १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट लागू होतो. वस्तू ज्याच्या नावे नोंदवली, ताबा त्याचाच. नवरा गावाला गेला आणि तिजोरीची किल्ली बायकोकडे राहिली, तरी ती अडचणीत येऊ शकते. म्हणून वस्तू ट्रस्टच्या नावे घ्यायची. मग सगळ्या ट्रस्टींना ती कायद्याने हाताळता येते, आणि एकजण गेला तरी मालक शिल्लक राहतो. पूर्वी यात बोटांच्या ठशांतून सुटका व्हायची. जुलै २०१६ पासून प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात. मी एच-१बी व्हिसावर. काही अपवाद सोडले तर आम्हाला तिथे बंदूक बाळगायलाच बंदी. नकार देऊन सुटलो.

सुटलो कसला! रात्रभर ग्वाल्हेरची बंदूक डोक्यात.

आजोबांची दुनाळी बारा बोअर, आता बाबांच्या नावे. तिने आयुष्यात काही मारलं असेल तर लग्नाच्या वरातीतला अंधार. निवडणूक लागली की बाबा ती चादरीत गुंडाळून ठाण्यात जमा करतात आणि पावती देवघरात ठेवतात. आजोबा गेले तेव्हा तेराव्याच्या गडबडीत ती महिनाभर कपाटातच राहिली. आपल्याकडे परवाना माणसाचा, घराण्याचा नव्हे. माणूस गेला की घरातली बंदूक बेकायदा. एका वकील काकांनी दटावल्यावर बाबा ती डीलरकडे ठेवून आले. नावावर होईपर्यंत तीन वर्षं गेली.

बाबा आता बहात्तर. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, तर हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. हे मी फोनवर सांगितलं.

"म्हणजे मी गेलोच असं धरून चाललास?"

दोन आठवडे बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या नावे कर." मी बंगळूरला, दहाव्या मजल्यावर, घरात चार वर्षांचा मुलगा. मला ती नको होती, आणि विकायचं म्हणायची हिंमतही नव्हती.

"मला कुणी विचारलंत का?" ताई म्हणाली. ताई लश्करातच राहते, कॉलेजात एनसीसीत होती, आणि वारस म्हणून माझ्याइतकीच हक्काची. इतक्या वर्षांत हे ना बाबांना सुचलं ना मला. मला याची आजही लाज वाटते.

शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र तिने मिळवलं, आईने आणि मी 'हरकत नाही' म्हणून सही केली. चौकशीला आलेल्या शिपायाने विचारलं, "भाई साहब कहाँ हैं?" ताई म्हणाली, "अर्ज़ी मेरी है, मुझसे पूछिए।"

फाइल अजून कलेक्टोरेटमध्ये आहे. बाबांनी ताईला तेलाची बाटली आणि नळी पुसायचा गज कुठे असतो ते दाखवलंय. बंदुकीला हात मात्र लावू देत नाहीत. परवाना आल्यावर, म्हणतात.