निळा ‘ई’ आणि केशरी कोल्हा

सिन्नरमध्ये इंटरनेट आलं तेव्हा ब्राउझर निवडायचा असतो हेच कुणाच्या गावी नव्हतं. पडद्यावरचा निळा ‘ई’ म्हणजेच इंटरनेट. एसटी स्टँडच्या आसपासच्या गाळ्यांत कॅफे होते, प्लायवूड मारून केलेल्या खोप्यांचे. बीएसएनएलचं संचारनेट, मोडेमची किरकिर आणि भारनियमनात इन्व्हर्टरवर तग धरणारी एखाद-दोन मशिन. माळेगाव-मुसळगावच्या एमआयडीसीत चिकटायची धडपड करणारी आयटीआयची पोरं बायोडाटा पाठवायला येत. बारावीच्या निकालाला तर रांग पार रस्त्यावर.

त्या निळ्या ‘ई’ला धरून राहण्याचं आपलं एक खास मराठी कारणही होतं. युनिकोड अजून रुळलं नव्हतं, आणि मराठी वृत्तपत्रं आपापल्या खासगी फॉन्टमध्ये बातम्या टाकत. इंटरनेट एक्स्प्लोरर तो फॉन्ट पानाबरोबर आपसूक उतरवून घ्यायचा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तीच बातमी उघडली तर रोमन अक्षरांची नुसती गिचमिड. २००४च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सची १.० आवृत्ती आली. पुढे त्याला ‘पद्म’ नावाचं एक्स्टेन्शन मिळालं. ते बसवलं की असल्या कित्येक फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून वाचता यायचा. आमच्या कॅफेतल्या दादाने मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून फायरफॉक्स चढवला. मराठी वाचायला मिळालं याचा आनंद होताच, पण खरा जीव भांड्यात पडला तो पॉप-अप थांबले म्हणून. त्याआधी एक खिडकी बंद करावी तर दोन उघडत, आणि तासाचे पैसे त्या बंद करण्यातच जात. २००४च्या ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर मायक्रोसॉफ्टनेही पॉप-अप अडवायची सोय दिली, पण कॅफेतली मशिनं कोण अपडेट करतंय!

खासगीपणाची चिंता तेव्हाही होती, फक्त ती ओळखीच्या डोळ्यांची. ताईने विवाहस्थळांची साइट पाहिली की पुढच्या गिऱ्हाइकाने पत्त्याच्या पट्टीत पहिलं अक्षर टाकताच ते नाव खाली हजर. म्हणून उठण्याआधी ‘इंटरनेट ऑप्शन्स’मध्ये जाऊन हिस्ट्री पुसायची. ताई ते मन लावून करायची, पुसलंय ना ते दोनदा बघायची आणि मगच पैसे द्यायला उठायची. २०११च्या सायबर कॅफे नियमांनी तर ओळखपत्र दाखवणं आलं, किमान वर्षभर जपायची नोंदवही आली, आणि खोप्याची भिंत साडेचार फुटांपेक्षा उंच नको असंही ठरलं. पण वहीत आपलं नाव कोण लिहितंय ते समोर दिसायचं. तिथे न जाणं आपल्या हातात होतं.

जाहिरातीचंही तसंच. नाशिक-पुणे रस्त्याच्या भिंतीवर रंगवलेली खताची जाहिरात मास्तरांना, हमालाला, विड्या वळून घरी चाललेल्या बायांना सारखीच दिसायची. कोण थांबलं, कोणी किती वेळ पाहिलं, हे त्या भिंतीला कळत नव्हतं. त्या भिंतींची मला खरोखर आठवण येते.

२०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि बघता बघता कॅफे ओस पडले. स्वस्तातल्या फोनमध्ये यूसी ब्राउझर फार चालायचा. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात तोही गेला. मग बहुतेकांनी फोनमध्ये जे आधीपासून होतं तेच वापरायला घेतलं, म्हणजे क्रोम. निळ्या ‘ई’च्या वेळी झालं तेच पुन्हा झालं.

पाळत कशी चालते ते कांद्याच्या भावावरून सांगतो. भाव दाखवणाऱ्या पानात जाहिरात कंपनीचा एक तुकडा बसलेला असतो. तो आपल्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे ओळखीची चिठ्ठी, ठेवतो. संध्याकाळी आपण गुडघेदुखीवरचं, मग कर्जाचं पान उघडतो, तिथेही त्याच कंपनीचा तुकडा, तीच कुकी. शेतकरी, गुडघे दुखतात, कर्ज शोधतोय: अशी आपली कुंडली आपल्या अपरोक्ष जमत जाते. क्रोमचं ‘इन्कॉग्निटो’ परक्या कुकी अडवतं, पण पाळत पूर्ण थांबवत नाही. त्याचं मुख्य काम घरातल्यांपासून हिस्ट्री लपवणं, ताईच्या त्या पुसण्यासारखंच. सफारीने २०२०मध्ये अशा परक्या कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने २०२२मध्ये प्रत्येक साइटची कुकी वेगळी कोंडायला सुरुवात केली. त्या बंद करू असं गूगलही २०२० पासून म्हणत होतं, पण २०२४च्या जुलैमध्ये मागे फिरलं. ज्याचा धंदाच जाहिरातीवर, त्याच्या ब्राउझरकडून वेगळी अपेक्षा करणं मला पटत नाही. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिरात अडवणारं उत्तम एक्स्टेन्शन क्रोमच्या नव्या नियमांमुळे तिथे बंद पडलं, ‘लाइट’ आवृत्ती तेवढी उरली. फायरफॉक्सवर मात्र ते पुरं चालतं, अगदी अँड्रॉइडवरसुद्धा. ब्रेव्हमध्ये ही सोय मुळातच असते, ज्याला काही बसवायचं नाही त्याला मी तो सुचवतो.

आमच्या आत्याने आयुष्यभर विड्या वळल्या. आता ती फोनवर हरिपाठ वाचते. अभंग अर्ध्यावर आला की पडदाभर कर्जाची जाहिरात, आणि बंद करायची फुली तिळाएवढी. तंबाखूने राठ झालेलं तिचं बोट फुलीच्या शेजारीच पडायचं आणि भलतंच पान उघडायचं. मी फायरफॉक्स टाकला, भाषा मराठी केली, यूब्लॉक बसवला, आणि त्यात मराठीसह भारतीय भाषांतल्या साइटसाठी असलेली ‘इंडियनलिस्ट’ ही यादी चालू केली. तिने पूर्ण हरिपाठ वाचून काढला. मग म्हणाली, “बरं झालं रे बाळा. पण जाहिरातच नाही दिसली तर पेपरवाल्याचं पोट कशावर भरायचं?”

प्रश्न रास्त होता. आपल्या जिल्ह्याच्या बातम्या देणारे ज्या साइट चालवतात, त्यांना दुसरं उत्पन्न फारसं नाही. कांद्याच्या बियाण्याची जाहिरात कांद्याच्या बातमीशेजारी असावी, भिंतीवर होती तशीच, माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती मागे मागे येण्याला. यूब्लॉकमध्ये एखाद्या साइटपुरती अडवणूक उठवायला एक मोठं बटण असतं. आत्याच्या पेपरासाठी ते मी दाबून दिलं. कुकी वेगळ्या कोंडण्याचं काम फायरफॉक्स स्वतःच करतो, तेवढं तिथेही चालू राहिलं. बटण कुठलं ते आत्याने विचारून घेतलंय, पुढच्या साइटचं ती स्वतःच ठरवणार आहे.